केमोनंतर केस आलेच नाहीत, मदत हवी आहे (जरा लवकर)

शेवंता
ब्रेस्ट कॅन्सरची केमो झाली, रेडिएशन झालं, रिपोर्ट सगळे चांगले. केस मात्र आले नाहीत. म्हणजे मागे आणि कानांवर आलेत, पण टाळूवर आणि पुढे नुसती लव. ट्यूबलाइटखाली बसले की टाळू चमकते. हॉस्पिटलात विचारलं की "येतील, धीर धरा". किती धरू? तुळशीच्या लग्नानंतर लगेच मुलाचं लग्न आहे. स्किनच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय, ती घेऊ का? विग घ्यायचा तर कुठला? अनुभव असलेल्यांनीच सांगा. कांद्याचा रस सांगू नका.

बोरिवलीकर
गोळी कुठली? केमो कधी संपली? औषधं कुठली होती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

दत्तू_मास्तर
कांद्याचा रस नको तर राहिलं. माका आणि जास्वंद खोबरेल तेलात उकळवा, कढई लोखंडीच हवी. आमच्या सौ.चे केस टायफॉइडनंतर मुठीने गेले होते, दिवाळीपर्यंत पहिल्यासारखे झाले.

अनघा
मास्तर, तापानंतर गेलेले केस तेल लावा न लावा, परत येतातच. त्यात मुळाला धक्का बसत नाही. शेवंताताईंचं प्रकरण वेगळं आहे.

दत्तू_मास्तर
तेलाने तोटा काय होणार आहे ते सांगा.

अनघा
तोटा वेळेचा.

शेवंता
गोळी मिनॉक्सिडिल. केमो संपून दीड-दोन वर्षं झाली. औषधांची नावं मला काय माहीत? आधी लाल होतं, मग पांढरं.

जर्सीवाली
लाल म्हणजे बहुतेक डॉक्सोरुबिसिन. त्याच्यानंतरचं महत्त्वाचं. फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड असेल त्यावर बघा, डोसेटॅक्सेल लिहिलंय की पॅक्लिटॅक्सेल. केमो संपून ६ महिने झाले तरी केस नीट आले नाहीत तर डॉक्टर त्याला कायमची केसगळती म्हणतात, आणि त्यात डोसेटॅक्सेलचं नाव सगळ्यात जास्त येतं. इकडे अमेरिकेत २०१५ च्या डिसेंबरात एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) त्याच्या माहितीपत्रकात तसं छापायला लावलं. २०१६ पासून लुइझियानाच्या कोर्टात हजारो बायकांचे दावे एकत्र चालले. माझंही औषध तेच. मी दावा नाही लावला, नवरा म्हणत होता लाव.

रानवारा
ताई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात, देवाचे आभार माना. केसांचं काय एवढं? जीव वाचला हे महत्त्वाचं.

शेवंता
रानवारा, हे मला रोज कोणीतरी ऐकवतं. गेल्या हळदीकुंकवाला जिने ऐकवलं तिच्या अंबाड्यावर चार बोटं रुंद गजरा होता. जीव वाचला हे मला माहीत आहे हो, मी तिथेच होते. प्रश्न केसांचा विचारलाय.
फाइल काढली. डोसेटॅक्सेल, ४ वेळा.

बोरिवलीकर
आणि सध्या रोज काय चालू आहे?

शेवंता
नेहमीचंच. लेट्रोझोल, कॅल्शियम, बीपीची, थायरॉइडची. केसांसाठी बायोटिन. त्यात सांगण्यासारखं काय आहे?

अनघा
अहो ताई, तेच तर सांगायचं होतं!
लेट्रोझोलनेही पुढचे आणि टाळूवरचे केस विरळ होतात, म्हणजे तुमच्याकडे दोन कारणं असू शकतात. पण म्हणून लेट्रोझोल मनाने बंद करू नका, कॅन्सर परत येऊ नये म्हणून दिलीय ती. मिनॉक्सिडिल हे मुळात बीपीचंच औषध. केसांसाठी डोस अगदी कमी देतात, तरी आधीची बीपीची गोळी चालू असताना चक्कर येऊ शकते, पायांवर सूज येऊ शकते. स्किनच्या डॉक्टरांना तुमची बीपीची गोळी माहीत आहे का? कॅन्सरच्या डॉक्टरांना ही नवी गोळी माहीत आहे का? दोघांनाही सांगा.
शिवाय बायोटिनचा डोस मोठा असेल तर थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते. पुढच्या वेळी रक्त द्यायच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. फेरिटिन, बी-१२, डी बघितलंय का?

शेवंता
स्किनवाल्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. थायरॉइडचा मागचा रिपोर्ट विचित्रच आला होता, डोस बदलला त्यावरून. आता तो परत करून घ्यावा लागणार का? फेरिटिन म्हणजे काय, हिमोग्लोबिन ना?

अनघा
नाही, शरीरात साठवलेलं लोह. वेगळी तपासणी असते. आणि हो, थायरॉइडची परत करा, बायोटिन सांगून.

केशवर्धन
पीआरपी करून घ्या. रक्त काढतात, फिरवतात, तेच टाळूत टोचतात. माझ्या मेहुण्याला जबरदस्त फरक.

बोरिवलीकर
मेहुण्याला ब्रेस्ट कॅन्सर होता का?

केशवर्धन
नाही, वंशपरंपरागत टक्कल. पण केस ते केस.

बोरिवलीकर
केस ते केस नसतात, धाग्याचा विषयच तो आहे. पीआरपीत वाढीचे घटक असतात, कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाने कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मनीमाऊ
मिनॉक्सिडिलचं लोशन आणलंत तर घरात मांजर आहे का ते बघा. मांजरांना ते विषारी असतं, उशीवर पुसलेलं चाटलं तरी जिवावर बेततं.

दत्तू_मास्तर
आमच्याकडे बोका आहे, तो माक्याचं तेल चाटतो. काही होत नाही.

जर्सीवाली
केमोच्या वेळी टाळू गार ठेवणारी टोपी घातली होती का? इकडे बऱ्याच बायका घालतात.

अनघा
ती केमो चालू असतानाच उपयोगाची. आता विचारून काय फायदा?

मीनल_ठाणे
विगचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. माझी डोसेटॅक्सेलनंतर हीच अवस्था आहे. मागे आणि बाजूला केस आहेत ना, मग पूर्ण विग घेऊ नका, टॉपर घ्या. टाळूपुरता असतो, क्लिपांनी बसतो. भांगाच्या जागी पातळ जाळी असलेला मागा, त्यातून स्वतःची कातडी दिसते. रंग मागच्या केसांशी जुळवा, कुळकुळीत काळा घेतलात तर लांबून कळतं. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात पसंत करू नका, रस्त्यावर येऊन उन्हात बघा. नकली केसांचा असेल तर गॅसजवळ जपा. कुकरचं झाकण काढताना वाफेने माझ्या पहिल्या टॉपरची पुढची बट कुरकुरीत झाली होती.
लग्नात गजऱ्याच्या पिना स्वतःच्या केसांत खोचायला सांगा, टॉपरमध्ये नको, ओढ बसून पुढे सरकतो. अक्षता मात्र जाळीत अडकतात, त्याला इलाज नाही, नंतर झटकायच्या.
आणि मिनॉक्सिडिल, गोळी काय लोशन काय, फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात, सुरुवातीला उलट जास्त गळतात. माझे विरळचे थोडे दाट झाले, पहिल्यासारखे नाहीत. लग्न तोंडावर असताना मी तरी सुरू केलं नसतं.

शेवंता
हे कोणी आधी सांगितलंच नाही, स्किनवाल्यांनीसुद्धा! म्हणजे ऐन लग्नात आहेत तेही गेले असते. गोळी लग्न होईपर्यंत नाही. दोन्ही डॉक्टरांना कागद नेऊन दाखवते. मीनल, टॉपर कुठून घेतलात आणि कितीला, ते व्यनि (खासगी निरोप) करा. क्लिपांनी आहेत ते केस ओढले जात नाहीत ना?

मीनल_ठाणे
जातात. म्हणून घरी आलं की काढायचा, क्लिपांची जागा रोज थोडी बदलायची. व्यनि केलाय.

दत्तू_मास्तर
लग्न कुठे आहे? हॉल बघितला नसेल तर पनवेलला आमच्या ओळखीचा आहे.

चिंगी२२
सगळा धागा वाचला नाही. मला कोंडा आहे, बोअरच्या पाण्याने केस गळतात. मिनॉक्सिडिल लावू का?