हात थरथरतो म्हणून लोकांत जाणंच बंद झालंय, तुम्ही कसं सांभाळता?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते, वय ४४. सात-आठ वर्षं झाली दोन्ही हात थरथरतात, मांडीवर ठेवले की शांत, कप उचलला किंवा पेन धरलं की सुरू. मागच्या वर्षी न्यूरोलॉजिस्टने कागदावर जिलबीसारखी गोल गोल रेघ काढायला लावली, थायरॉइड तपासलं आणि सांगितलं की पार्किन्सन नाही, इसेन्शियल ट्रेमर आहे, घराण्यात असतो बऱ्याचदा. अण्णांचे हात पण असेच हलायचे, आम्ही आपलं वय झालं म्हणायचो. प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, थोडा फरक आहे, पण प्रश्न गोळीचा नाहीये. संक्रांतीच्या हळदीकुंकवात शेजारच्या वहिनींना कुंकू लावताना बोट हललं आणि कुंकू भुवईपर्यंत फरफटलं, सगळ्या बायका गप्प. एक काकू म्हणाल्या, "एवढी घाबरतेस काय गं?" तेव्हापासून कुठेच जात नाही. रविवारी घरचे सगळे गंगापूर रोडला मिसळ खायला निघतात, मी ॲसिडिटी झालीये सांगून घरी बसते. खोटं बोलून बोलून थकलेय, रात्री तेच डोक्यात फिरतं, झोप होत नाही आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी हात अजूनच हलतो. कोणी यातून गेलंय का?

सातपूरकर:
ताई, मी गेलोय. अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, मापं घ्यायचा व्हर्नियर धरला की त्याचा जबडा जॉबवर, म्हणजे मोजायच्या पार्टवर, टकटक वाजायचा. तीन वर्षं लपवलं. मग कळलं की पोरं मागे बोलतात, हे रात्री घेतात म्हणून सकाळी हात कापतो. मी आयुष्यात थेंब घेतला नाही हो, घरी येऊन रडलो होतो त्या दिवशी. (दारूने थोडा वेळ हात थांबतो हे खरंय, पण उतरली की जास्त कापतो, त्या वाटेला कोणी जाऊ नका.) शेवटी चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर आजाराचं नाव सांगून टाकलं. दोन दिवस प्रश्न विचारले, नंतर विषय संपला. आता मी डायल गेज स्टँडला लावून मोजतो. लपवताना अंग जे ताठ व्हायचं ना, त्यानेच जास्त हलायचं. बाकी कपबशी बंद करा, स्टीलचा जड ग्लास घ्या, अर्धाच भरा, कोपर टेबलाला टेकवा. उपाशीपोटी कडक चहा नको.

नाशिकरोडची_लेक:
माझ्या आईला आहे, तिची मान पण हलते आणि आवाज पण. तिला दमा आहे म्हणून तुमची गोळी चालली नाही, दम्यात ती देत नाहीत, प्रिमिडोन दिली रात्रीची अगदी कमी डोसने, पहिले काही दिवस नुसती गुंगी. आणि गोळी मनाने अचानक बंद करू नका हं कोणी. गोळ्यांनी भागलं नाही तर मेंदूत तार बसवून करंट देतात ते ऑपरेशन असतं, २०१६ मध्ये अमेरिकेत फोकस्ड अल्ट्रासाउंडलाही (चिरफाड न करता ध्वनिलहरींनी करतात तो उपचार) मान्यता मिळाली, पण आईला तितकी गरज पडली नाही. तिचं मन मात्र फार खचलं होतं, देवपूजेत निरांजन धरायची भीती वाटायची. समुपदेशन घेतलं तेव्हा कुठे ती बोलायला लागली. ताई, झोप उडालीये आणि घराबाहेर पडत नाही हे पण डॉक्टरांना सांगा, हाताइतकंच ते पण सांगायचं असतं.

गोदाकाठ:
दादा, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, माझ्याबद्दल पण कोणी तसंच बोलत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. डॉक्टरांची पुढच्या आठवड्याची वेळ घेतलीये, झोपेचं सांगणार आहे. आणि आज रविवार, गेले मिसळीला. बसल्या बसल्या जाऊबाईंना म्हटलं, मला ॲसिडिटी नव्हतीच कधी, हात हलतो म्हणून येत नव्हते. त्या म्हणाल्या, "मग पाव मोडून देऊ का?" म्हटलं पाव मी मोडते, रस्सा तेवढा तुम्ही वाढा.