सांगलीचं बिऱ्हाड मुंबईला हलवताना

पगार वाढतोय म्हणून आई, बायको, मुलगी सगळ्यांना घेऊन मुंबईला जावं का, असं तुम्ही विचारलंय. घरभाड्याचा प्रश्न आहेच. मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या आईंची. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण ऊन कोरडं असतं. संध्याकाळी कृष्णेकाठी वारा सुटला की जीव थंडावतो. मुंबईत पारा तेहेतीसच दाखवतो आणि घाम मात्र रात्रीसुद्धा वाळत नाही. म्हणून घर बघताना हॉलच्या फरशीला भुलू नका, समोरासमोर खिडक्या आहेत का ते बघा. शक्यतो जुलैत, भर पावसात बघा. भिंतीची ओल, गल्लीत तुंबणारं पाणी तेव्हाच कळतं.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं एजंट सांगेल, ऐकू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची.

माझं स्पष्ट मत: आधी तुम्ही एकटेच जा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे, शनिवार-रविवार घरी येता येईल. तिकडच्या शाळेत प्रवेश पक्का झाल्याशिवाय मुलीचा दाखला काढू नका. आणि आईंना मे महिन्यात आठवडाभर तिकडे राहायला नेऊन बघाच.