अमली पदार्थांचा पैसा आणि नातेवाइकांची घरे: सरकारजमा करण्याचा अधिकार कुठपर्यंत असावा?

मूळ मत – पाणवठा

अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला नुसते तुरुंगात टाकून धंदा थांबत नाही, कारण फ्लॅट मेहुण्याच्या आणि जमीन आईच्या नावावर असते, आणि तो सुटून येईपर्यंत भांडवल शाबूत राहते. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात १९८९ साली घातलेले प्रकरण पाच-अ नेमके ह्या भांडवलाला हात घालते. गंभीर गुन्ह्यातील व्यक्तीची, तिच्या नातेवाइकांची आणि साथीदारांची बेकायदा मालमत्ता गोठवून पुढे सरकारजमा करता येते, आणि ती वैध उत्पन्नातून घेतली हे सिद्ध करण्याचा भार कलम ६८-जे नुसार मालमत्ताधारकावर असतो. तरतूद कठोर आहे. परंतु रोखीच्या व्यवहाराचा माग तपास अधिकाऱ्याने एकट्याने काढावा असे म्हटले, तर मेहुण्याचा फ्लॅट कधीच हाती लागणार नाही. ह्या प्रकरणाचा वापर वाढायला हवा.

प्रतिसाद – उंबरठा

मी असहमत आहे. शिवणकाम आणि भिशीच्या पैशांतून खोली घेणाऱ्या आरोपीच्या बहिणीने उत्पन्नाचा कोणता कागद दाखवावा? मालमत्ता गोठवण्याचा आदेश तपास अधिकारी काढतो, ३० दिवसांत त्याला मंजुरी देणारा सक्षम प्राधिकारी हा न्यायाधीश नसून आयकर वा सीमाशुल्क आयुक्ताच्या दर्जाचा अधिकारी असतो, आणि मालमत्ता सरकारजमा झाल्यावर न्यायाधिकरणाकडे अपील करण्यास मुदत ४५ दिवसांची. आरोपी निर्दोष सुटल्यास कलम ६८-झेड नुसार मालमत्ता परत मिळते खरी, पण खटला संपेपर्यंत ती बहीण खोली विकू शकत नाही.

पाणवठा

नातेवाइकाची प्रत्येक वस्तू ओढून नेता येते असे चित्र योग्य नाही. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने तस्करांच्या मालमत्तेविषयीचा ह्याच धर्तीवरचा १९७६ चा कायदा वैध ठरवताना, नातेवाइकाची स्वकष्टार्जित मालमत्ता त्याच्या कक्षेत येत नाही, हे स्पष्ट केले होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पाच-अ खालील खटल्यातच, गुन्ह्याच्या पैशाशी असलेला संबंध नोटिशीत कारणांसह दिसला पाहिजे, असे बजावले. शिवाय अटकेआधी सहा वर्षांहून जुनी मालमत्ता वगळलेली आहे.

उंबरठा

हे संरक्षण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचू शकणाऱ्याचे आहे. दाऊद इब्राहिमच्या आई आणि बहिणीच्या नावावरील मुंबईच्या नागपाड्यातील मालमत्तांवर त्याच १९७६ च्या कायद्याखाली १९८८ साली टाच आली, आणि प्रकरण निकाली निघाले २०१८ मध्ये. ज्याच्याकडे वकील आहेत तो तीस वर्षे काढतो. ज्याच्याकडे नाहीत त्याची ४५ दिवसांतच वाट लागते.

प्रतिसाद – गाडीतळ

ह्या वादात वाहनमालकाचा विसर पडू नये. आसाममध्ये एका ट्रकमधील प्रवाशाकडे हेरॉइन सापडले. मालक आरोपी नव्हता, तरी कर्जावर घेतलेला ट्रक अडकून पडला. खटला चालू असताना असे वाहन मालकाच्या अंतरिम ताब्यात देण्यास कायद्याची आडकाठी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले.

पाणवठा

ट्रकबाबत पूर्ण सहमत. घराबाबत मात्र मालमत्ताधारकावरचा सिद्धतेचा भार हलवू नये. फार तर नोटिशीसोबतच सरकारी खर्चाने वकील द्यावा.

उंबरठा

वकील देऊन भागणार नाही. संबंध दाखवणारा पुरावा आधी सरकारने न्यायाधीशापुढे ठेवावा, मगच घर गोठवावे.