माहीत असतं म्हणूनच तर वाचायचं!
सिनेमा पाहिलाय, सगळं माहितीय, मग पटकथा कशाला वाचायची असं तुम्ही म्हणाल, पण माझं नेमकं उलटं होतं, माहीत असतं म्हणूनच वाचायला जास्त मजा येते. 'एलियन' (१९७९) हा अंतराळातला भयपट माझा एकदम लाडका, तर त्याच्या डॅन ओबॅननने लिहिलेल्या मूळ मसुद्यात पात्रांच्या यादीखालीच टीप आहे की कुठलीही भूमिका बाई किंवा पुरुष कोणीही करू शकेल. म्हणजे सिगर्नी वीव्हरने केलेली नायिकेची, रिप्लीची भूमिका त्या मसुद्यात खास बाईसाठी म्हणून लिहिलेलीच नव्हती! हे वाचलं आणि परत सिनेमा लावला तर तिचा प्रत्येक सीन वेगळा वाटायला लागला. पुढे सिनेमाचे निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलरने ती पटकथा पुन्हा लिहिली, त्यात वर्णनं इतकी तुटक की कविता वाचतोय असं वाटतं, आणि तरी भीती वाटतेच, हे कसं जमवलं असेल देव जाणे.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा हिशेब असतो, त्यामुळे बैठक मारली तर दोनेक तासांत वाचून होते. आणि हो, कापलेले सीन सापडतात तो आनंद वेगळाच. एकदा वाचून बघाच, पण सिनेमा आधी.