डेट्रॉइट की विंडसर? दवाखान्याच्या हिशोबाने सांगा

नदीपलीकडचा
नमस्कार मंडळी. मिशिगनमधे एका ऑटो कंपनीत आहे, एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या लायनीबद्दल नव्याने काय सांगायचं, आमचा नंबर येईपर्यंत पोराचं लग्न होईल. आता कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, आलाय आणि डेट्रॉइटसमोरच्या विंडसरमधे (ओंटारिओ प्रांत) नोकरीचं बोलणं चालू आहे, म्हणजे फक्त नदी ओलांडायची. पगार कमी होणार ते माहितीये. प्रश्न वेगळा आहे. मुलगा ९ वर्षांचा, टाईप वन डायबेटिस, इन्सुलिनचा पंप लावलाय. इथे कंपनीचा इन्शुरन्स तसा बरा आहे पण १ जानेवारी उजाडली की डिडक्टिबल (विमा द्यायला लागायच्या आधी आपण भरायची रक्कम) परत शून्यापासून, पहिले दोन-तीन महिने शुगरचे सेन्सर आणि पंपाचं सामान जवळजवळ सगळं खिशातून, वर मधेच पत्र येतं की तुमच्या ब्रँडचं इन्सुलिन आमच्या यादीतून काढलंय, दुसरं घ्या. ऑफिसातले कॅनडावाले म्हणतात तिकडे सगळं फुकट. बायकोची मैत्रीण ब्रॅम्प्टनला असते, ती म्हणते फुकट आहे पण नंबर लागेल तेव्हा. आईबाबाही येऊन राहतात मधून मधून. कोणता देश भारी हा वाद नकोय, रोजचं काय ते सांगा.

ओंटारिओची सून
"सगळं फुकट" हे आधी डोक्यातून काढून टाका. ओहिप म्हणजे ओंटारिओचा सरकारी विमा, त्यात डॉक्टर, हॉस्पिटल, ऑपरेशन, बाळंतपण, तपासण्या हे येतं. माझी दोन्ही बाळंतपणं इथेच झाली, त्यातलं एक सिझर, आणि घरी जाताना नवऱ्याने पैसे दिले ते पार्किंगचे. पण मेडिकलमधून आणायची औषधं त्यात नाहीत, दात नाहीत, मोठ्यांचे डोळे नाहीत. त्यासाठी इथेही कंपनीचा इन्शुरन्स लागतो. म्हणून नोकरीचं बोलणं करताना पगाराइतकंच ड्रग प्लॅनबद्दल विचारा, हे कोणी सांगत नाही.

तुमच्या मुलाचं जरा बरं आहे. २५ च्या आतल्यांना, खाजगी प्लॅन नसेल तर, यादीतली औषधं ओहिप प्लसमधून मिळतात. प्लॅन असेल तर मात्र त्यातूनच घ्यायची, म्हणजे फालतू प्लॅन असण्यापेक्षा नसलेला बरा असंही होतं कधी कधी 😅 पंपासाठी प्रांताची वेगळी स्कीम आहे, टाईप वनवाल्यांना पंप मिळतो आणि सामानासाठी वर्षाला २४०० डॉलर. पूर्वी नवीन आलेल्यांना ओहिपसाठी तीन महिने थांबावं लागायचं, ते २०२० मधे काढून टाकलं.

खरं घोडं अडतं ते फॅमिली डॉक्टरपाशी. आपल्याकडे कसं, गुडघा दुखला की थेट ऑर्थोकडे जाऊन बसतो, इथे रेफरलशिवाय स्पेशालिस्ट दारात उभं करत नाही आणि रेफरल द्यायला आधी डॉक्टर हवा. २०२३ च्या सुमारास एका सर्व्हेत देशभरात ६५ लाख मोठ्या माणसांना कायमचा डॉक्टरच नाही असं निघालं होतं. तेव्हा घर शोधायच्या आधी डॉक्टर शोधा.

फटकळ काका
न्यू जर्सीत आयुष्य गेलं, स्पष्ट बोलतो. इकडे पैसे जातात पण काम होतं. मला खांद्याचा एमआरआय सांगितला तो त्याच आठवड्यात झाला. साडूभाऊ कॅनडात मिसिसागाला, गुडघा बदलायचाय, तो अजून "कन्सल्ट" च्या तारखेची वाट बघतोय, गोळ्या खाऊन जिना चढतो. फ्रेझर इन्स्टिट्यूट या तिकडच्याच अभ्यास संस्थेचा २०२४ चा आकडा बघा, फॅमिली डॉक्टरने पाठवल्यापासून उपचार होईपर्यंत मीडियन, म्हणजे अर्ध्या लोकांना याहून जास्त, ३० आठवडे. ३० आठवडे!! आणि इकडे खर्चाला वरची मर्यादा असते, २०२५ साठी एका माणसाला ९२०० डॉलर, नेटवर्कमधे, म्हणजे विमा कंपनीच्या यादीतल्या डॉक्टर-हॉस्पिटलांत, राहिलात तर त्याच्या वर उपचारांचं बिल जात नाही.

सारंग_पी
काका, त्या ९२०० मधे दरमहाचा प्रीमियम धरलेला नाही हो. २०२४ मधे नोकरीतून मिळणाऱ्या फॅमिली प्लॅनचा सरासरी वार्षिक प्रीमियम साडेपंचवीस हजार डॉलर होता, त्यातले सहा हजारच्या वर कर्मचाऱ्याच्या पगारातून कापले जातात. फ्रेझरवाले खाजगीकरणाच्या बाजूचे, आकडा स्पेशालिस्टना फॉर्म पाठवून काढलेला. वाट बघावी लागते हे मात्र खरंच, ब्रिटिश कोलंबियाने तर २०२३ पासून कॅन्सरचे काही पेशंट रेडिएशनसाठी अमेरिकेत बेलिंगहॅमला पाठवले.

एक गैरसमज दोन्हीकडच्या लोकांचा असतो म्हणून लिहितो. कॅनडातला डॉक्टर बहुतेक वेळा सरकारी नोकर नसतो, त्याचं स्वतःचं क्लिनिक असतं, फक्त बिल प्रांताला जातं. १९६२ मधे सस्कॅचेवानने हे सुरू केलं तेव्हा डॉक्टर लोक २३ दिवस संपावर गेले होते. १९८४ च्या कायद्याने पेशंटकडून वरचे पैसे घेण्याला चाप लावला. उलट अमेरिकेत "सगळं खाजगी" म्हणायचं तर म्हाताऱ्यांचं मेडिकेअर आणि गरिबांचं मेडिकेड १९६५ पासून सरकारीच आहे. मधे सापडतात ते नोकरदार. एच-वन-बीवर नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर निघा, आणि तोवर इन्शुरन्स चालू ठेवायचा तर कोब्रा नावाची सोय, म्हणजे कंपनी भरत होती तो वाटाही आता तुम्ही भरा. इन्सुलिनवर असलेलं पोर घरात असताना ही टांगती तलवार मला तरी त्या ३० आठवड्यांपेक्षा भारी वाटते.

फटकळ काका
बरं बाबा. पण साडूचा गुडघा बदलून दे आधी.

नाशिकची_ढोल्या_गणपतीवाली
आईबाबांचं कोणी बोललंच नाही. दोन्हीकडे सारखीच बोंब आहे. कॅनडाचा सुपर व्हिसा म्हणजे एका वेळी पाच वर्षं राहता येतं पण ओहिप नाही, किमान १ लाख डॉलर कव्हरचा खाजगी विमा दाखवावा लागतो, बीपी-शुगर असेल तर प्रीमियम बघूनच बीपी वाढतं. अमेरिकेत व्हिजिटर इन्शुरन्स, त्यात जुना आजार म्हटलं की हात वर. आमच्याकडे सासूबाई निघायच्या आधी नाशिकला सगळ्या टेस्ट करून घेतात, दात, डोळे, टूडी इको, आणि गोळ्यांची पाकिटं डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट चिवड्याच्या पिशवीशेजारी. याला काही दुसरा उपाय सापडला तर मलाही कळवा.

टनेलवाली
मी विंडसरला राहते आणि रोज नदीखालच्या टनेलमधून डेट्रॉइटला ड्यूटीला जाते, नर्स आहे. माझ्यासारख्या शेकड्यांनी आहेत, पलीकडची हॉस्पिटलं आमच्यावर चालतात म्हटलं तरी चालेल. आणि उलटं पण आहे, विंडसरचा तातडीचा हार्ट पेशंट कधी कधी ॲम्ब्युलन्सने नदीपलीकडे पाठवतात, बिल ओहिप देतं. २०१९ मधे अमेरिकेचे सिनेटर बर्नी सँडर्स अमेरिकन पेशंटची बस भरून इथे विंडसरच्या मेडिकलमधे इन्सुलिन घ्यायला आले होते, कारण तिकडच्या किमतीच्या दहाव्या भागात मिळत होतं. आणि इन्सुलिनचा शोध लागला टोरोंटोत, १९२१ ला, पेटंट विकलं एका डॉलरला!

इमर्जन्सीचं सांगते कारण तुम्हाला तीच भीती असणार. टाईप वनचं मूल उलट्या करत आलं तर दोन्हीकडे लगेच आत घेतात. विंडसरला तासन् तास खुर्चीवर बसतो तो मोडलेल्या बोटाचा, दुखऱ्या कानाचा पेशंट. डेट्रॉइटला मुलाला सलाईन लागलं की थोड्या वेळात चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर ढकलत एक बाई येते, इन्शुरन्स कार्ड मागते, आणि आईचा चेहरा बदलतो. हे मी रोज बघते. इकडे ती बाई नाही. पण इकडे आईला डॉक्टरच्या फोनसाठी जे बसावं लागतं, ते तिकडे नाही.

तिसरा रस्ता पण आहे. पीआर आहे तर विंडसरला राहा आणि सध्याची डेट्रॉइटची नोकरी तशीच चालू ठेवा, बरेच जण करतात. ओहिपसाठी घर इथे हवं आणि १२ महिन्यांत किमान १५३ दिवस ओंटारिओत. टॅक्सचं मात्र दोन्हीकडचं कळणाऱ्या सीएला विचारा, मला विचारू नका.

नदीपलीकडचा
तिसरा रस्ता डोक्यातच आला नव्हता, एचआरला उद्याच विचारतो. पंप सध्याचाच चालेल का पण तिकडे? सामान मिळेल?

टनेलवाली
मॉडेल त्या स्कीमच्या यादीत आहे का ते बघावं लागेल, मॉडेल नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि एक, इकडे शुगर वेगळ्या मापात मोजतात, तिकडचे १८० म्हणजे इथले १०. शाळेतल्या बाईंना पहिल्या दिवशीच कागदावर लिहून द्या.