मदत हवी आहे: पर्लमध्ये एका फाइलमधला ग्लोबल व्हेरिएबल दुसऱ्या फाइलमध्ये कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी, इंदूरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला आहे, बिल्टी (मालाची पावती) आणि हिशोबाच्या जुन्या पर्ल स्क्रिप्ट्स आता माझ्या गळ्यात पडल्यात. हमालीचा दर, देवास-धार-खरगोनचं भाडं सगळं प्रत्येक फाइलमध्ये वेगवेगळं लिहिलंय, डिझेल वाढलं की सगळीकडे बदलत बसा. म्हणून ते एका रेट्स.पीएल मध्ये टाकलं, 'माय $हमाली' असं, आणि बिल्टी.पीएल मध्ये रिक्वायर केलं तर 'ग्लोबल सिम्बॉल रिक्वायर्स एक्सप्लिसिट पॅकेज नेम' म्हणून बोंबलतंय. यूज स्ट्रिक्ट (न सांगितलेली व्हेरिएबलं अडवणारी ओळ) काढलं की एरर जाते पण हमाली रिकामी छापते, म्हणजे पार्टीला फुकट हमाली! शिवाय बिल्टी.पीएल मधून सिस्टम कमांडने रिपोर्ट.पीएल चालवतो, तिथे दिवसाची टोटल हवी ती पण पोचत नाही. पायथन शिका असं प्लीज सांगू नका, शेठ ऐकणार नाहीत.

प्रतिसाद १
भाऊ, हे दोन वेगळे लोचे आहेत. माय वाला व्हेरिएबल त्या फाइलपुरताच, रिक्वायर करा नाहीतर डू, बाहेर दिसणारच नाही. तिथे माय ऐवजी अवर लिहा, आणि बिल्टी.पीएल मध्येही वर 'अवर $हमाली;' लिहा, किंमत न देता. दोन्ही फाइल्स मेन पॅकेजमध्ये (पॅकेज म्हणजे नावांचा गट, वेगळा लिहिला नाही तर मेनच) असतील तर एवढ्यावर भागतं. मी मात्र रेट्स.पीएम करतो, वर 'पॅकेज रेट्स;', शेवटी '1;' आणि सगळीकडे $रेट्स::हमाली असं पूर्ण नाव, दर कुठून आला ते वाचतानाच कळतं. फक्त पूर्ण नावात स्पेलिंग चुकलं तर स्ट्रिक्ट पकडत नाही, तेव्हा वॉर्निंग्ज चालू ठेवा. आणि स्ट्रिक्ट काढायचं नाही हो, तेच तर वाचवत होतं तुम्हाला.

रिपोर्टचं म्हणाल तर सिस्टमने चालवलं की ती वेगळी प्रोसेस, तिची मेमरी वेगळी, तिथे अवर काय करणार? एकच टोटल असेल तर कमांडच्या मागे लावून द्या, तिकडे @एआरजीव्ही (कमांडमागे दिलेल्या किमतींची यादी) मधून घ्या. अख्खा हॅश (नाव-किंमत जोड्यांचा तक्ता) पाठवायचा तर स्टोरेबल वापरून फाइलमध्ये साठवा आणि तिकडे वाचा, ते मॉड्यूल पर्लसोबतच येतं.

धागाकर्ता
अवर ने झालं काम, टोटलपण आली, थँक्यू! पण नवीन मशीनवर (उबुंटू 22.04) रेट्स.पीएल सापडतच नाही म्हणतंय, फाइल तिथेच शेजारी पडलीये, जुन्या मशीनवर तर मस्त चालतंय.

प्रतिसाद २
2017 च्या पर्ल 5.26 पासून चालू फोल्डर @आयएनसी (पर्ल फाइल्स जिथे शोधतं त्या फोल्डरांची यादी) मधून काढलाय, सिक्युरिटीसाठी. नावाआधी ./ लावा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवणारं) चालवत असाल तर तेही फसेल कारण तिथे चालू फोल्डर वेगळा असतो, मग फाइंडबिनने स्क्रिप्टचा फोल्डर शोधा आणि यूज लिबने तो त्या यादीत घाला.