मोठ्या कंपनीच्या मेंटॉरिंग प्रोग्रॅममध्ये जावं का? भांडुपचं शिलाई युनिट आहे, सल्ला हवाय

शिलाई_भांडुप

नमस्कार, जय भीम सगळ्यांना. भांडुप पश्चिमेला एका गाळ्यात माझं शिलाई युनिट आहे, ११ मशीन, १४ बायका, बहुतेक जवळच्या चाळीतल्याच. शाळेचे युनिफॉर्म, अ‍ॅप्रन, कारखान्यातले बॉयलर सूट शिवतो. आधी पाच वर्षं नुसतं जॉबवर्क केलं, म्हणजे कापड पार्टीचं, कटिंग पार्टीचं, आपण पीसवर शिवून द्यायचं आणि शनिवारी पैशासाठी फोन लावत बसायचं. मागच्या वर्षापासून स्वतः कापड घेऊन माल द्यायला लागले, सध्या दोन शाळा आणि एक नर्सिंग होम आहे. युनिट माझ्या एकटीच्या नावावर, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे, जीएसटी आहे, जातीचा दाखला आहे.

आता एका मोठ्या कंपनीकडून मेल आलाय. त्यांचा ९ महिन्यांचा प्रोग्रॅम आहे, एससी-एसटी आणि महिलांच्या छोट्या युनिटना ते मेंटॉर देतात, महिन्यातून दोन दिवस ट्रेनिंग, फी काही नाही. सहीसाठी कागद पाठवलाय त्यात लिहिलंय की ऑर्डर देऊच असं काही नाही, आणि प्रोग्रॅम चालू असेपर्यंत त्यांच्या लाईनमधल्या दुसऱ्या कंपन्यांना आपण माल द्यायचा नाही, आणि आमचे फोटो-व्हिडिओ ते वापरू शकतात.

दोन दिवस म्हणजे माझ्यासाठी खूप आहेत कारण चेकिंग मीच करते, मी नसले की माल तसाच पॅक होतो. आई माझी आयुष्यभर पीसवर शिवत आली, तिला मोठ्या कंपनीचं नाव ऐकूनच भरून आलं, जा म्हणते. मला पण जायचंय. पण मागे एकदा अशाच एका कार्यक्रमाला स्टेजवर बोलावलं होतं, शाल दिली, फोटो काढले, नंतर ज्यांनी बोलावलं त्यांनी फोन पण उचलला नाही. परत तसं नकोय. कोणी असं काही केलंय का? काय विचारून घेऊ?

धारावी_बॅगवाला

जय भीम ताई. मी दोन केलेत असे प्रोग्रॅम, दोन्हीचं सांगतो. धारावीत आमचं चामड्याच्या बॅगांचं काम आहे, वडिलांपासून.

पहिला होता तो सगळा हॉटेलच्या हॉलमध्ये. ओळख कशी करून द्यायची, प्रेझेंटेशन कसं करायचं, ब्रँड म्हणजे काय. शिकवणारे वाईट नव्हते ओ, मनापासून शिकवत होते, पण वर्षभरात त्या कंपनीत बॅगा विकत कोण घेतं हेच मला कळलं नाही. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, ते घरी आहे.

दुसऱ्यात मेंटॉर म्हणून त्यांच्या क्वालिटीचे एक साहेब आले, आणि ते हॉलमध्ये नाही, माझ्या माळ्यावर आले. शिडी चढून, लोखंडी शिडी आहे आमची. अर्धा तास नुसते उभे राहून बघत होते. मग एका कारागिराची सुई तुटली, त्याने दुसरी लावली आणि काम चालू केलं, रोजचंच आहे ते. साहेबांनी मशीन थांबवायला लावली, म्हणाले तुटलेला तुकडा कुठे आहे? एक तुकडा सापडला, टोक काही सापडेना. स्पीकरमधलं चुंबक काढून आम्ही सगळेजण जमिनीवर फिरवत बसलो, पाऊण तास काम बंद. टोक शेवटी बॅगेच्या अस्तरातच निघालं. ते म्हणाले हे टोक गिऱ्हाईकाच्या हाताला लागलं असतं तर तुमचा पूर्ण लॉट परत आला असता आणि परत ऑर्डर कधीच मिळाली नसती, आणि कारण पण कोणी सांगितलं नसतं. त्या दिवसापासून वही आहे आमच्याकडे, सुई तुटली की सगळे तुकडे जुळवून सेलोटेपने पानावर चिकटवायचे, तारीख, मशीन नंबर, कारागिराची सही, आणि जुनी सुई दिल्याशिवाय नवीन नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्याच एका एक्सपोर्टवाल्याने ऑडिटला आल्यावर पहिली तीच वही मागितली.

ऑर्डर मिळाली का, तर मिळाली, २०० पीसची ट्रायल. पण पैसे ४५ दिवसांत म्हणाले होते ते ११० दिवसांनी आले. का, तर मालाच्या चलनावर पीओ नंबर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, नव्हता म्हणून बिल सिस्टीममध्ये चढलंच नव्हतं आणि मला हे कोणी सांगितलंच नाही. शेवटी त्याच साहेबांनी मला हाताला धरून अकाउंट्समधल्या मॅडमच्या टेबलापर्यंत नेलं, तेव्हा सुटलं. व्याजावर पैसे उचलून चामडं घेतलं होतं मी, ते ११० दिवस कसे काढले माझं मला माहीत. म्हणून ताई एकच सांगतो, मेंटॉर कोण देताय त्याचं नाव आणि खातं आधी विचारा. परचेस, क्वालिटी नाहीतर अकाउंट्स यातलं कोणी असेल तर जा. नुसतं ट्रेनिंगवालं असेल तर विचार करा.

परचेस_ठाणे

मी १६ वर्षं परचेसमध्ये आहे, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, त्यामुळे थोडं आतलं सांगते. बऱ्याच ठिकाणी असे प्रोग्रॅम सीएसआर (कंपनीचं समाजकार्याचं खातं) नाहीतर एचआर चालवतं आणि माल घेणारे आम्ही वेगळ्या मजल्यावर असतो. त्यांच्या यादीत आलेलं नाव आमच्याकडे आपोआप येत नाही. आम्हाला व्हेंडर कोड, म्हणजे नव्या सप्लायरचं खातं, उघडायला कारण लागतं, आणि जुना सप्लायर नीट चालत असेल तर नवीन माणसाची जोखीम कोणी अंगावर घेत नाही, चुकलं तर जाब त्यालाच विचारतात. यात तुमच्या कामात खोट आहे असं कोणी म्हणत नसतं, तुमचं नाव त्या खोलीत कोणी काढतच नाही, आणि पिढ्यानपिढ्या ज्यांची तिथे ओळखच नव्हती त्यांचं तर नाहीच. मेंटॉर हवा तो एवढ्यासाठी.

ताई, त्यांना सरळ विचारा की प्रोग्रॅमच्या कितव्या महिन्यात व्हेंडर कोड उघडणार आणि ट्रायल ऑर्डर कुठल्या आयटमची असेल. ऑर्डरची हमी कोणीच लिहून देणार नाही, मीही देणार नाही, पण कोटेशन मागवू, सॅम्पल बघू आणि नापास झालं तर कारण लेखी कळवू, एवढं लिहून द्यायला काही हरकत नसते. नापास झाल्याचं कारण लेखी मिळणं हे तुमच्यासाठी ट्रेनिंगपेक्षा मोठं आहे.

दुसऱ्यांना माल द्यायचा नाही ही अट अजिबात मान्य करू नका. ऑर्डर देणार नाही आणि दुसऱ्याला विकू पण देणार नाही, हे कसं चालेल? त्यांचं डिझाईन, त्यांचा लोगो, त्यांचे रेट बाहेर द्यायचे नाहीत एवढं ठेवा, ते रास्त आहे. फोटोचं म्हणाल तर प्रत्येक वेळी आधी विचारून, आणि बायकांचे चेहरे त्यांच्या मर्जीशिवाय नाही, असं लिहून घ्या.

आणि तुमचे १४ जण आहेत तर ईएसआय (कामगार विमा) भरताय ना? १० जण झाले की लागतं, पीएफ २० ला. ऑडिटवाला पहिलं हे पैसे भरल्याचं चलन मागतो आणि तिथेच कित्येक चांगली युनिट अडकलेली मी बघितलीत. वाईट वाटतं.

सीए_मुलुंड

वरच्या दोघांचं बरोबर आहे. मी पैशाच्या बाजूचं लिहितो.

छोट्या-मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ चा आहे, त्यात उद्यमवाल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. आता तुम्ही म्हणाल गिऱ्हाईकावर केस कोण करतंय, खरं आहे, माझे क्लायंट पण करत नाहीत, एकदा केस केली की पुढची ऑर्डर गेली. पण २०२३-२४ पासून आयकरात बदल झाला, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी देईल तेव्हाच. त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांची अकाउंट्सची माणसं स्वतः फोन करून उद्यमचा कागद मागतात. बिलावर उद्यम नंबर छापून घ्या, पहिल्या बिलापासून. करारात पण ४५ दिवस लिहून घ्या आणि ते कधीपासून मोजायचे तेही लिहा, नाहीतर माल गेटवर पडून राहतो, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होत नाही आणि दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

दुसरं, खाजगी कंपनीवरच अवलंबून राहू नका. केंद्र सरकारच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना २०१२ च्या खरेदी धोरणाप्रमाणे वर्षाच्या खरेदीतली निदान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते, त्यात ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिलांकडून. आधी २० होतं, २०१८ मध्ये २५ झालं आणि महिलांचे ३ तेव्हाच आले. तुम्ही दोन्हीत बसता. टेंडरला अनामत रक्कम माफ असते. तुमचा रेट सगळ्यात कमी रेटच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या कमी रेटला देण्याची तयारी दाखवून ऑर्डरचा काही भाग मिळू शकतो. मुंबईत माझगाव डॉक आहे, बीपीसीएल आहे, चेंबूरला आरसीएफ आहे, सगळ्या सरकारी कंपन्या, याच धोरणात येतात, आणि बॉयलर सूट कुठल्याही कारखान्याला लागतोच. नॅशनल एससी-एसटी हब आहे, २०१६ पासून, एनएसआयसी, म्हणजे लघु उद्योगांचं केंद्र सरकारी महामंडळ, चालवतं, त्यांच्याकडे जाऊन या. डिक्कीचं पण बघा, दलित उद्योजकांचीच चेंबर आहे, मिलिंद कांबळेंनी २००५ मध्ये पुण्यात सुरू केलेली, तिथे तुमच्यासारखे सप्लायर भेटतील.

एक मात्र लक्षात ठेवा, मेंटॉर असो नाहीतर घरचं कोणी असो, भागीदारी द्यायची वेळ आली तर एससी-एसटीचा हिस्सा ५१ टक्क्यांच्या खाली गेला की त्या ४ टक्क्यांतून तुम्ही बाहेर. निम्मा-निम्मा करून बसलेले लोक मला माहीत आहेत, नंतर कळून उपयोग नसतो.

अमेरिकेत हे मेंटॉरिंग सरकारी नियमात बसवलंय. त्यांच्या संरक्षण खात्याचा प्रोग्रॅम १९९० च्या कायद्याने सुरू झाला. तिथल्या लघु उद्योग खात्याच्या योजनेत मोठी कंपनी छोटीला शिकवते आणि बदल्यात दोघींना मिळून छोट्यांसाठी राखीव सरकारी कामात बोली लावता येते, पण दोघी मिळून जे काम करतील त्यातलं निदान ४० टक्के छोटीने स्वतः करावं लागतं. म्हणजे छोटी शिकली नाही तर मोठीलाही काम नाही. आपल्याकडे मोठ्या कंपनीचं असं काही अडकलेलं नसतं, म्हणून तुम्हालाच कागदावर अडकवून घ्यावं लागेल.

शिलाई_भांडुप

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल त्यांना मेल केला, परचेस ताई तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं. आज त्यांच्या मॅडमचा फोन आला. दुसऱ्यांना माल न देण्याची अट काढतो म्हणाल्या, डिझाईन-लोगोपुरतीच ठेवतील. मेंटॉर ट्रेनिंगचेच होते, मी म्हटलं मला क्वालिटीचं माणूस द्या आणि एक दिवस ट्रेनिंगला बोलवा, एक दिवस तुम्ही गाळ्यावर या. विचारून सांगते म्हणाल्या. लेखी आल्याशिवाय सही करणार नाही.

ईएसआय नव्हतं. खोटं कशाला बोलू, १० जण दिवाळीनंतर झालो आणि मला माहीतच नव्हतं. सोमवारी त्यासाठी जाणार आहे. सीए दादा, उशिराचं काय भरावं लागेल ते तुम्हाला विचारलं तर चालेल का?

आणि धारावीवाले दादा, वही कालच चालू केली. संध्याकाळपर्यंत तीन सुया तुटल्या, दोन पूर्ण जुळल्या. तिसरीचं टोक नाही मिळालं म्हणून तो सगळा गठ्ठा बाजूला ठेवलाय, ४२ अ‍ॅप्रन आहेत, आज हाताने एकेक शिवण चाचपून बघतोय आम्ही. ते चुंबक कुठे मिळेल चांगलं?

धारावी_बॅगवाला

नागदेवी स्ट्रीटला जा ताई, हार्डवेअरवाल्यांकडे. दांड्याला लावलेलं मागा, वाकावं लागत नाही. आणि टोक सापडेपर्यंत तो गठ्ठा देऊ नका कोणाला.